काचेतल्या पेशी आणि जिवंत ऊती: प्रयोगशाळेतल्या संशोधनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेशीसंवर्धनाच्या, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याच्या, खोलीत मी बरीच वर्षं काम केलं. त्या काळात आणि नंतरही जे प्रश्न पुन्हापुन्हा कानावर आले, ते इथे एकत्र केले आहेत. काही विद्यार्थ्यांचे आहेत, काही रुग्णांच्या नातेवाइकांचे, काही एखादी बातमी वाचून आशेने विचारणाऱ्या मित्रांचे. उत्तर देताना मी दर वेळी आधी एकच गोष्ट शोधतो: हे निरीक्षण झालं तेव्हा ती पेशी कुठे होती आणि तिच्या आजूबाजूचं काय काय काढून टाकलेलं होतं?

इन व्हिट्रो, एक्स व्हिवो, इन व्हिवो यांत नेमका फरक काय?

इन व्हिट्रो म्हणजे शब्दशः ‘काचेत’. आता भांडी बहुतेक प्लास्टिकची असतात, पण नाव टिकलं आहे. एक्स व्हिवोमध्ये ऊती किंवा अख्खा अवयव शरीराबाहेर काढलेला असतो, पण त्याची घडण शाबूत असते. इन व्हिवो म्हणजे जिवंत प्राण्यात किंवा माणसात.

व्याख्या पाठ करण्यापेक्षा एकच यकृत डोळ्यांसमोर आणा. ते वाटून, गाळून नुसता रस घेतला तर त्यातली एन्झाइमं काही काळ काम करत राहतात, पण पेशी उरलेली नसते. पेशींना धरून ठेवणारं जाळं कोलॅजिनेज या एन्झाइमने सैल केलं तर सुट्या जिवंत पेशी मिळतात. त्या पेशी डिशच्या, म्हणजे संवर्धनाच्या उथळ भांड्याच्या, तळाला चिकटतात आणि साध्या संवर्धनात काही दिवसांतच आपली खास यकृताची कामं विसरू लागतात. त्याच यकृताचे पातळ काप घेतले तर शेजारीपाजारी शाबूत राहतात, रक्तप्रवाह मात्र नसतो. अख्खं यकृत नळी जोडून द्रावणाने वाहतं ठेवलं तर प्रवाहही मिळतो, पण आतडं, मूत्रपिंड, संप्रेरकं यांच्याशी नातं तुटलेलं असतं. जिवंत प्राण्यात सगळं असतं, आणि सगळं एकाच वेळी चालू असल्यामुळे कोणत्या गोष्टीने काय झालं हे ओळखणं सर्वांत कठीण होतं. खालच्या पायरीवर कारण स्वच्छ दिसतं, वरच्या पायरीवर परिणाम खरा दिसतो.

पेशीच नसेल तर त्याला जीवनाचा अभ्यास कसं म्हणायचं?

हा वाद एकोणिसाव्या शतकात खरोखर पेटला होता. किण्वनासाठी जिवंत यीस्ट लागतंच, असं बहुतेकांना वाटे. १८९७मध्ये एदुआर्ट बुख्नर यांनी यीस्ट वाळूबरोबर घोटून, दाबून त्याचा रस काढला. त्यात एकही जिवंत पेशी नव्हती. तरी साखर घातल्यावर रस फसफसला. त्यांना १९०७चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आधुनिक जीवरसायनशास्त्राची सुरुवात मी तरी तिथूनच मानतो.

शरीराबाहेर पेशी जगतात तरी कशा?

त्यांना शरीराची नक्कल करून फसवावं लागतं, आणि नक्कल किती बारीक हवी हे सिडनी रिंगर यांच्या गोष्टीवरून कळतं. १८८०च्या दशकात लंडनमध्ये ते बेडकाचं हृदय मिठाच्या द्रावणात धडधडत ठेवत. आधी ते छान चाललं. पुढे ऊर्ध्वपातित पाण्यातल्या द्रावणात ते लवकर थांबू लागलं. शोध घेतल्यावर कळलं की आधीचं द्रावण नळाच्या पाण्यात बनवलेलं होतं आणि त्या पाण्यातलं कॅल्शियम हृदयाला चालवत होतं. रिंगर यांनी १८८३मध्ये आपलीच आधीची मांडणी दुरुस्त करून छापली. मला ती दुरुस्ती मूळ शोधाइतकीच मोलाची वाटते.

आजचं मीडियम, म्हणजे पेशी ज्यात वाढवतात ते द्रावण: क्षार, अमिनो आम्लं, जीवनसत्त्वं, ग्लुकोज आणि बहुधा दहा टक्के गोवंशाच्या गर्भाचं सिरम. इनक्युबेटरमध्ये ३७ अंश सेल्सिअस तापमान, दमट हवा आणि पाच टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. तो वायू श्वासासाठी दिलेला नसतो. मीडियममधल्या बायकार्बोनेटशी जोडी जमवून तो आम्लता स्थिर ठेवतो. मीडियमचा लाल रंग फिनॉल रेड या सूचकाचा. पेशींनी आम्ल टाकलं की तो पिवळा पडतो, अल्कली वाढली की गुलाबी-जांभळा होतो. फ्लास्क उचलून नुसता रंग पाहिला तरी पेशींचा हालहवाल समजतो.

ही नक्कल कुठे फसते, तेही सांगायला हवं. सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका मीडियममध्ये लिटरला ४.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. निरोगी माणसाच्या रक्तात उपाशीपोटी ते साधारण एक ग्रॅम किंवा त्याहून कमी असतं. इनक्युबेटरमध्ये ऑक्सिजन बाहेरच्या हवेएवढाच, सुमारे १८ ते २० टक्के. शरीरातल्या बहुतेक ऊतींना त्याच्या निम्म्याहूनही कमी मिळतो. म्हणजे डिशमधली पेशी कायम मेजवानीत बसलेली असते. तिच्या चयापचयाबद्दल निष्कर्ष काढताना हे विसरून चालत नाही.

डिशमधल्या पेशी अमर असतात का?

सामान्य पेशी नसतात. पण एक पिढीभर शास्त्रज्ञांना तसं वाटत होतं, कारण अलेक्सिस कॅरेल यांनी १९१२मध्ये सुरू केलेलं कोंबडीच्या भ्रूणहृदयाचं संवर्धन ३४ वर्षं चालवलं गेलं. १९६१मध्ये लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी दाखवलं की माणसाच्या सामान्य पेशी साधारण पन्नासेक वेळा दुप्पट होतात आणि मग विभाजन थांबवतात. कॅरेल यांच्या संवर्धनात पोषक अर्काबरोबर ताज्या पेशी जात राहिल्या असाव्यात, हे आज सर्वाधिक मान्य असलेलं स्पष्टीकरण आहे.

थांबण्यामागे गुणसूत्रांची टोकं, म्हणजे टेलोमिअर, दर विभाजनाला झिजत जाणं हे मोठं कारण आहे. बहुतेक कर्करोगपेशी टेलोमरेज हे एन्झाइम चालू ठेवून ही झीज भरून काढतात. म्हणून सेल लाइन म्हणून वर्षानुवर्षं वाढवता येणाऱ्या पुष्कळशा मानवी पेशी गाठींमधूनच आलेल्या आहेत. सोयीच्या पेशी आणि निरोगी पेशी यांतलं हे अंतर जैववैद्यकीय संशोधनाच्या मुळाशीच आहे.

हीला पेशी कुणाच्या? त्यांच्याबद्दल इतकं का बोललं जातं?

हेन्रिएटा लॅक्स या ३१ वर्षांच्या कृष्णवर्णीय स्त्रीच्या. १९५१मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर त्यांचे उपचार चालू असताना गाठीचा तुकडा घेतला गेला आणि तो जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत पोहोचला. संशोधनासाठी त्यांची परवानगी विचारली गेली नव्हती. इतर तुकडे मरत, हा वाढतच राहिला, साधारण दिवसाला दुप्पट. लॅक्स त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वारल्या.

पोलिओ लशीच्या चाचणीत, विषाणूंच्या अभ्यासात, औषधांच्या तपासणीत या पेशी जगभर गेल्या. त्यांच्या आत मानवी पॅपिलोमा विषाणूचा १८ क्रमांकाचा प्रकार आहे हे पुढे कळलं. कुटुंबाला मात्र दोन दशकांहून अधिक काळ काही माहीत नव्हतं. २०१३मध्ये या पेशींचा जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकीय माहिती, कुटुंबाला न विचारता प्रसिद्ध झाला. त्यावर आक्षेप घेतला गेला, आणि नंतर अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने केलेल्या करारानुसार ती माहिती कुणाला द्यायची हे ठरवणाऱ्या समितीत कुटुंबातल्या व्यक्ती बसू लागल्या.

मी स्वतः हीलावर काम केलं आहे. पहिल्या दिवशी मला कुणी हे नाव उलगडून सांगितलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. विद्यार्थ्यांच्या हातात फ्लास्क देण्याआधी मी आता ही गोष्ट सांगतो.

‘अमुक पदार्थाने कर्करोगाच्या पेशी मेल्या’ अशी बातमी वाचली. आनंद मानायचा का?

थोडं थांबून तीन गोष्टी तपासा. डिशमधल्या कर्करोगपेशी मिठाचं तीव्र द्रावण, अल्कोहोल, ब्लीच, कशानेही मरतात. त्यामुळे नुसतं मरणं काहीच सांगत नाही. किती प्रमाणात मेल्या, हा पहिला प्रश्न. तेवढं प्रमाण माणसाच्या रक्तात, त्याहून पुढे गाठीच्या आत, सुरक्षितपणे पोहोचू शकतं का? अनेक रेणू रक्तातल्या प्रथिनांना इतके चिकटतात की मोकळा अंश अगदी थोडा उरतो.

दुसरा प्रश्न: शेजारच्या डिशमध्ये सामान्य पेशी ठेवल्या होत्या का, आणि त्यांचं काय झालं?

तिसरा: मेल्या हे कसं मोजलं? फार प्रचलित असलेली एमटीटी चाचणी पेशींच्या चयापचयाने पिवळ्या रंगद्रव्याचं जांभळ्यात रूपांतर होतं त्यावर चालते. रंग कमी आला म्हणजे पेशी मेल्या असतील, वाढायच्या थांबल्या असतील, किंवा नुसत्या मंदावल्या असतील. एकाच आकड्याचे हे तीन वेगळे अर्थ आहेत. रुग्णाच्या घरी ही बातमी पोहोचते तेव्हा त्यातला ‘मेल्या’ एवढाच शब्द पोहोचतो, आणि मला त्याचीच सर्वांत जास्त काळजी वाटते. कृपया अशा बातमीवरून चालू उपचार बदलू नका.

डिशमध्ये चाललेलं औषध माणसात का चालत नाही?

पुष्कळदा पेशीच चुकीची असते. हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनचं उदाहरण ताजं आहे. २०२०च्या सुरुवातीला व्हेरो पेशींमध्ये त्याने कोरोना विषाणूला रोखलं. व्हेरो म्हणजे आफ्रिकी हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशी. त्यांत विषाणू पेशीच्या आतल्या आम्लयुक्त पिशवीतून शिरतो, आणि हे औषध नेमकी ती आम्लता घालवतं. माणसाच्या श्वसनमार्गातल्या पेशींवर टीएमपीआरएसएस-२ नावाचं एन्झाइम असतं. ते विषाणूला पृष्ठभागावरूनच आत घेतं, पिशवीची गरज पडत नाही. फुप्फुसाच्या कॅलू-३ पेशींमध्ये प्रयोग केला तेव्हा औषधाने संसर्ग थांबवला नाही. ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीत साडेचार हजारांहून अधिक रुग्णांची तुलना झाली, तीतही मृत्यू कमी झाले नाहीत. पहिला प्रयोग खोटा नव्हता. तो माकडाच्या मूत्रपिंडाबद्दल खरं सांगत होता.

उलटही होतं का? डिशमध्ये निकामी, शरीरात गुणकारी?

हो, आणि ते मला जास्त विलक्षण वाटतं. गेरहार्ट डोमाक यांनी प्रॉन्टोसिल या लाल रंगद्रव्याने उंदरांना स्ट्रेप्टोकोकसच्या जीवघेण्या संसर्गातून वाचवलं आणि १९३५मध्ये ते प्रसिद्ध केलं. पण नळीतल्या जिवाणूंवर प्रॉन्टोसिल काहीच करेना. त्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत उलगडा झाला: शरीर या रेणूचे दोन तुकडे करतं आणि त्यातला रंगहीन तुकडा, सल्फानिलामाइड, खरा काम करतो. फक्त नळीवर विसंबले असते तर पहिलं सल्फा औषध फेकून दिलं गेलं असतं.

हा धडा पुढे प्रयोगाच्या मांडणीतच मुरला. एखादं रसायन जनुकांत बदल घडवतं का हे पाहायच्या एम्स चाचणीत जिवाणू वापरतात. जिवाणूंना यकृत नसतं, म्हणून त्या डिशमध्ये उंदराच्या यकृताचा अर्क मिसळतात. शरीरात गेल्यावर रसायनाचं जे रूप होईल, त्याचीही परीक्षा होते.

जिवंत ऊतीचे काप घेऊन काय साधतं? पेशी पुरेशा नाहीत का?

पेशी एकट्या वागत नाहीत, म्हणून. ओटो वारबुर्ग यांनी ऊतींचे अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ काप वापरले, कारण रक्तप्रवाह नसताना ऑक्सिजन त्याहून खोल झिरपत नाही. त्यांच्याकडे शिकलेले हान्स क्रेब्स यांनी याच पद्धतीने १९३२मध्ये कुर्ट हेन्सेलाइट यांच्यासह यकृताच्या कापांत युरिया बनण्याचं चक्र शोधलं. १९३७मध्ये कबुतराच्या छातीचा स्नायू बारीक चिरून त्यांनी सिट्रिक आम्लाचं चक्र, म्हणजे पेशी अन्नातून ऊर्जा मिळवते त्यातला एक मुख्य टप्पा, मांडलं. उडण्यासाठी अखंड राबणारा तो स्नायू प्रचंड ऑक्सिजन जाळतो, म्हणून त्याची निवड. योग्य प्रश्नाला योग्य ऊती निवडण्याचं याहून सुंदर उदाहरण मला सुचत नाही.

अख्ख्या अवयवावरचे प्रयोगही असेच. १९२१मध्ये ओटो लोवी यांनी बेडकाच्या एका हृदयाची व्हेगस चेता, म्हणजे हृदयाची गती मंदावणारी नस, उद्दीपित केली, त्याभोवतीचं द्रावण दुसऱ्या हृदयावर घातलं, आणि दुसरंही मंदावलं. चेता रसायनातून बोलतात हे त्या दोन हृदयांनी सिद्ध केलं. सुट्या पेशींच्या डिशमध्ये हा प्रश्न विचारताच आला नसता. आज मेंदूचे सुमारे ३०० ते ४०० मायक्रॉन जाडीचे काप ऑक्सिजन दिलेल्या द्रावणात ठेवून विद्युत् संदेश मोजतात. काही तासांची मुदत असते, आणि त्या दिवशी जेवण कधी होईल हे काप ठरवतो.

प्राण्यांवर प्रयोग अजून का करावे लागतात? आणि ते तरी विश्वासार्ह आहेत का?

२५ मे १९४० रोजी ऑक्सफर्डमध्ये हॉवर्ड फ्लोरी यांच्या गटाने आठ उंदरांना स्ट्रेप्टोकोकस टोचला आणि चौघांना पेनिसिलिन दिलं. सकाळी ते चार जिवंत होते, बाकीचे चार मेलेले होते. पेनिसिलिन जिवाणू मारतं हे आधीच माहीत होतं. ते रक्तातून पोहोचून, प्राण्याला इजा न करता संसर्ग हरवू शकतं, हे उंदरांशिवाय कळलं नसतं. शोषण, वाटप, यकृतातले बदल, निचरा, गर्भावरचा परिणाम, हे सगळं एकत्र अजून कोणत्याही डिशमध्ये दिसत नाही.

पण प्राणी म्हणजे लहान माणूस नव्हे. थॅलिडोमाइड या झोपेच्या औषधाचा गर्भावरचा घात उंदरात दिसत नाही, सशात दिसतो. औषध ज्या सेरेब्लॉन प्रथिनाला चिकटतं, त्यात उंदरात एका मोक्याच्या जागी वेगळं अमिनो आम्ल आहे, एवढ्यावर हा फरक मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे. १९५७मध्ये बाजारात आलेल्या या गोळीच्या गर्भावरील परिणामांची पुरेशी तपासणी आधी झालेलीच नव्हती, आणि हजारो बाळांनी त्याची किंमत मोजली.

मार्च २००६मध्ये लंडनमध्ये टीजीएन-१४१२ हे प्रतिपिंड सहा निरोगी स्वयंसेवकांना दिलं गेलं. मात्रा प्राण्यांत सुरक्षित ठरलेल्या मात्रेच्या पाचशेव्या भागाइतकी होती. सहाही जण काही तासांत अत्यवस्थ झाले. सुदैवाने सगळे वाचले. ते प्रतिपिंड ज्या सीडी-२८ रेणूला धरतं, तो माकडांच्या एका प्रकारच्या टी-पेशींवर, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींवर, नसतो, माणसाच्या असतो. साध्या डिशनेही इशारा दिला नव्हता, कारण द्रावणात तरंगणाऱ्या प्रतिपिंडाला रक्तपेशी प्रतिसाद देत नव्हत्या. नंतर तेच प्रतिपिंड प्लास्टिकच्या पृष्ठभागावर वाळवून बसवलं तेव्हा पेशी खवळल्या. प्रयोगाची मांडणी एवढीशी बदलली आणि उत्तर पालटलं.

मग पर्याय काय आहेत?

विल्यम रसेल आणि रेक्स बर्च यांनी १९५९मध्ये तीन दिशा मांडल्या: प्राण्यांऐवजी दुसरं काही वापरा, वापरलेच तर संख्या कमी करा, आणि त्यांना होणारा त्रास घटवा. यातलं बरंच आज प्रत्यक्षात आहे. इंजेक्शनांतला ताप आणणारा दोष शोधायला पूर्वी सशाचं तापमान मोजत. त्याजागी आधी नालखेकड्याच्या रक्ताची चाचणी आली, आता प्रयोगशाळेत बनवलेल्या प्रथिनाचीही आहे. त्वचेच्या जळजळीसाठी मानवी पेशींपासून घडवलेली त्वचा वापरतात. युरोपीय संघाने २०१३पासून प्राण्यांवर तपासलेल्या सौंदर्यप्रसाधनांची विक्री बंद केली. २०१०मध्ये हार्वर्डच्या ‘वीस’ (Wyss) नावाच्या संस्थेतून फुप्फुसाची चिप आली. तिच्यात पातळ पडद्याच्या एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला द्रव, आणि पडदा श्वासासारखा ताणला जातो.

ऑरगॅनॉइड म्हणजे छोटा अवयवच का?

नाही. मूलपेशींपासून डिशमध्ये वाढवलेली, अवयवाच्या घडणीशी काहीसं साम्य असलेली ती छोटी रचना असते. २००९मध्ये हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेत तोशिरो सातो यांनी आतड्याच्या एका मूलपेशीपासून घड्या असलेली रचना वाढवली. २०१३मध्ये मॅडेलिन लँकास्टर आणि युर्गन क्नोब्लिख यांनी मेंदूच्या ऊतीची. या रचना काही मिलिमीटरच्या असतात. रक्तवाहिन्या नसल्याने वाढल्या की आतला गाभा मरू लागतो. तरीही सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात रुग्णाच्याच आतड्याच्या ऑरगॅनॉइडवर औषध घालून तो फुगतो का ते पाहता येतं, आणि उपचार निवडायला त्याची मदत होते.

माझ्या बायोप्सीचा तुकडा जिवंत असतो का?

निदानासाठीचा तुकडा सहसा लगेच फॉर्मॅलिनमध्ये जातो. तिथे प्रथिनं एकमेकांना बांधली जातात, रचना टिकते, जीव संपतो. संशोधनासाठी जिवंत ऊती हवी असेल तर ती वेगळी घ्यावी लागते आणि तुमची लेखी संमती लागते. कशासाठी वापरणार, किती वर्षं ठेवणार, संमती मागे घेता येईल का, हे विचारा. विचारण्यात संकोच वाटू देऊ नका.

एका प्रयोगशाळेचे निकाल दुसरीकडे का येत नाहीत?

कारणं बरीच, पण दोन फार जुनी आणि टाळता येण्याजोगी आहेत. पहिलं, पेशी वेगळ्याच निघणं. १९६६मध्ये स्टॅन्ली गार्टलर यांनी एका एन्झाइमच्या प्रकारावरून दाखवलं की वेगवेगळ्या ऊतींच्या म्हणून वापरल्या जाणाऱ्या कितीतरी सेल लाइन प्रत्यक्षात हीला होत्या. चुकीची ओळख असलेल्या लाइनींच्या आंतरराष्ट्रीय यादीत आज पाचशेहून अधिक नावं आहेत. डीएनए तपासून ओळख पटवणं अवघड नाही, तरी राहून जातं.

दुसरं, मायकोप्लाझ्मा. या जिवाणूंना पेशीभित्तिका नसते, त्यामुळे पेनिसिलिन त्यांना लागू पडत नाही; ते नेहमीच्या गाळणीतून निसटतात, मीडियम गढूळ होत नाही, आणि पेशी जगत राहतात, फक्त वेगळ्या वागतात. माझ्या सुरुवातीच्या काळात तीन महिन्यांचं काम यामुळे वाया गेलं. आकडे सुरेख होते, पण ते संसर्ग झालेल्या पेशींचे होते. तेव्हा रडू आलं होतं.

आणखी एक: एकाच फ्लास्कमधल्या पेशींनी भरलेल्या प्लेटच्या तीन खळग्यांना तीन प्रयोग म्हणायचं नाही. वेगळ्या दिवशी, वेगळ्या पेशी घेऊन पुन्हा करा.

मी नुकतंच पेशीसंवर्धन शिकायला लागलो आहे. काय सांभाळू?

फ्लास्कवर नाव, तारीख आणि पॅसेज क्रमांक, म्हणजे पेशी कितव्यांदा नव्या भांड्यात हलवल्या ते, लिहा. हूडमध्ये, म्हणजे निर्जंतुक हवेच्या कपाटात, एका वेळी एकच सेल लाइन काढा. पेशी रोज सूक्ष्मदर्शकाखाली बघा, प्रयोग नसला तरी. नवी लाइन आली की पहिल्या काही पॅसेजमध्येच व्हायल, म्हणजे पेशींच्या छोट्या नळ्या, गोठवून ठेवा: दहा टक्के डीएमएसओ (गोठताना पेशींना जपणारा द्रव), मिनिटाला साधारण एक अंश अशी सावकाश थंडी, मग उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन. उठवताना मात्र उलट, ३७ अंशांच्या पाण्यात झटपट, आणि बर्फाचा शेवटचा कण उरला असतानाच नळी बाहेर काढा.